जुन्या स्लॅबची खडी नव्या घराला चालेल का?

प्रश्न : समुद्राला लागून असलेले आमचे जुने घर पाडायचे आहे. भिंती चिऱ्याच्या आहेत; स्लॅब, बीम आणि कॉलम काँक्रीटचे असून सळया गंजल्यामुळे त्यांचे पोपडे पडत आहेत. हे काँक्रीट क्रशरमध्ये फोडून तीच खडी नव्या स्लॅबला वापरावी, असे ठेकेदार सुचवतात. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : सळई असलेल्या कोणत्याही काँक्रीटमध्ये ही खडी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगर फोडून काढावी लागणारी खडी जितकी वाचेल तितकी वाचावी, असे मलाही मनापासून वाटते. परंतु ती वाचवण्याची जागा स्लॅब नव्हे.

आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीट फोडून केलेल्या खडीला मान्यता दिली आहे; मात्र सळईच्या काँक्रीटमध्ये ती एकूण खडीच्या २० टक्क्यांपर्यंत आणि एम २५ प्रतीपर्यंतच वापरता येते (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट मजबूत). दुसरीकडे, किनाऱ्याच्या हवेला उघड्या असणाऱ्या अशा काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचे मानक किमान एम ३० प्रत आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण मागते, आणि लाटांचे तुषार पोहोचत असतील तर एम ३५. म्हणजे तुमच्या घराच्या उघड्या भागांना ही खडी मानकानुसारच चालत नाही.

आतल्या, आडोशाच्या भागांना एम २५ पुरते, असा युक्तिवाद ठेकेदार करू शकतील. तेथे खरी अडचण मिठाची आहे. इतकी वर्षे खाऱ्या वाऱ्यातून शिरलेले क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, जुन्या खडीला चिकटलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसलेले असते आणि खडी धुतल्याने ते पूर्णपणे निघत नाही. सळईवरचे आवरण बाहेरून येणाऱ्या मिठाला रोखते. जे मीठ खडीबरोबरच आत आले आणि पहिल्या दिवसापासून सळईला भिडले, त्यापुढे जाड आवरणाचाही उपयोग नाही. आयएस ४५६ नुसार सळईच्या एक घनमीटर काँक्रीटमध्ये सर्व घटकांतले मिळून ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड असता कामा नये. हाच चिकटलेला मसाला सच्छिद्र असल्याने पाणीही अधिक शोषतो. खडी आधी भिजवली नाही, तर ती मिश्रणातले पाणी ओढून घेते, मग गवंडी वरून आणखी पाणी ओततात आणि काँक्रीटची ताकद घटते.

अंगणातील वाट, सळई नसलेला कोबा आणि जोत्यातील भराव यांसाठी ही खडी निःशंक वापरावी. एम १५ हून कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये मानक ती १०० टक्के चालू देते. तरीही पायाच्या सळईखालच्या थरात घालण्यापूर्वी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून तिची क्लोराइड चाचणी करून घ्यावी. घर पाडतानाच काँक्रीट वेगळे काढावे, कारण चिरा, वीट आणि गिलावा मिसळलेला राडारोडा भरावापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. चिरे मात्र अखंड निघाले, तर कुंपणाच्या गडग्याला पुन्हा लावता येतील.