ब्रह्मदेवाचा दिवस आणि आजारपणातली रात्र

प्रश्न : यजमानांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री संपता संपत नसत. ते गेल्यानंतरचं वर्ष मात्र कधी सरलं कळलंच नाही. गीतेत ब्रह्मदेवाचा एक दिवस हजार युगांचा सांगितलाय. एवढ्या अफाट काळात देवाला माझ्या त्या रात्री दिसल्या तरी असतील का?

उत्तर : ताई, तुमची भीती आकड्यांतून आली आहे, म्हणून आधी हिशेब. इथे युग म्हणजे चतुर्युग धरतात, ४३,२०,००० वर्षांचं. दिवस झाला ४३२ कोटी वर्षांचा, यालाच कल्प म्हणतात. तो आपल्या बारा तासांत बसवला तर एकेक सेकंद एक लाख वर्षांचा होतो, आणि सत्तर वर्षांचं आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं. भागवतातला राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, गाणं चाललं होतं म्हणून क्षणभर थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली.

रात्री लांबल्या यात नवल नाही. काळजीत लक्ष वेळेवरच खिळून राहतं. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटरवरून जाळ्यात सोडलं होतं. त्यांना आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी एक तृतीयांशाहून थोडं जास्त लांबलेलं वाटलं. पण मनगटावर बांधलेल्या यंत्रावरचे झरझर बदलणारे आकडे काही कुणाला जास्त वेगाने वाचता आले नाहीत. म्हणजे वेळ त्या क्षणी संथ झाला नव्हता; भीतीत आठवण दाट होते, म्हणून तो मागाहून लांब वाटतो. एकसारख्या दिवसांच्या वर्षात तिला धरायला फारसं काही नसतं, म्हणून ते मागाहून आखूड भासतं.

पण तुम्ही ज्या श्लोकाने घाबरलात, तो आठव्या अध्यायातला सतरावा. त्याच्या आधीच श्रीकृष्ण सांगतात की ब्रह्मलोकापर्यंतचे सगळे लोक पुन्हा फिरून येणारे आहेत. म्हणजे ब्रह्मदेवही काळाच्या आतच. त्याचा दिवस कितीही मोठा असो, मावळतोच. सगळे प्राणिमात्र नाश पावले तरी जे नासत नाही, ते विसाव्या श्लोकात येतं. तुम्ही ज्याला देव म्हणता तो हा, असं मी मानतो. ज्याच्यापुढून काहीच सरून जात नाही, त्याला कल्प मोठा आणि तुमची रात्र क्षुल्लक, असं का वाटावं? त्याला ती दिसली, आजही दिसते, ही माझी ठाम श्रद्धा आहे.

सोळा ते वीस हे पाचही श्लोक एका बैठकीत वाचा. सतराव्यावर थांबू नका.