पहिलीच फँटसी कादंबरी नोव्हेंबरच्या महिन्याभरात लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात राज्यांचे नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी आणि जादूचे प्रकार यांनी वह्या भरल्या, पण कादंबरीचं पहिलं वाक्य अजून उतरलं नाही. शिवाय यवतमाळकडच्या आपल्या बोलीत फँटसी शोभेल का, हीही शंका आहे. मी बुलढाणा जिल्ह्यात शेती करतो. माझी पहिली अद्भुत कादंबरी अशाच एका नोव्हेंबरात लिहून झाली, म्हणून अधिकाराने सांगतो: त्या वह्या महिनाभर पेटीत ठेवा. सुरुवातीला फक्त एक नियम लागतो, त्या नियमाची किंमत लागते आणि ती किंमत मोजणारं एक माणूस लागतं. असं माणूस, ज्याला तुम्ही रोज बघता.

जादू फुकट असली की गोष्ट उभीच राहत नाही. अडचण आली की पात्र मंत्र म्हणून मोकळं. किंमत ठरली की मात्र कथानकाला फाटे फुटायला लागतात. समजा, एक विहीर आहे. विचाराल त्याचं खरं उत्तर देते, पण प्रत्येक उत्तरामागे विचारणाऱ्याच्या डोक्यातून जवळच्या एका माणसाचं नाव पुसून टाकते. आता राजाही नको आणि सैन्यही नको. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात गेलेली एक बाई पुरे. शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीचीच, त्यामुळे जाणं भाग. नवरा कामासाठी परमुलखात गेलाय, दिवाळीलाही फोन आला नाही. ती स्टार्टरचं बटण दाबते, पाणी दांडात पडल्याचा आवाज ऐकते, मग काठावर वाकून बॅटरीचा उजेड खाली टाकते आणि विचारते. उत्तर येतं, जिवंत आहे. पहाटे घरी येते तर दारात लेक उभी. हिला तिचं नाव आठवत नाही. "माय, चहा मांड वं," असं आईच तिला म्हणते. लाडानं लेकीला ती रोज 'माय'च म्हणते, त्यामुळे लेकीला काहीच कळत नाही.

झालं पहिलं प्रकरण. आणि पाहा, पुढची किती प्रकरणं त्यातच दडली आहेत. गावात असे किती जण असतील, जे घरच्यांना नुसतं "अबे", "अवं" करून भागवतात? त्यातल्या कोणी काय विचारलं होतं? ही विहीर कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? तुमच्या वहीतल्या जगातलं जे काही खरोखर कामाचं आहे, ते या प्रश्नांच्या ओढीने आपोआप बाहेर येईल. उरलेलं आलं नाही तरी चालेल.

असे नियम शोधायला लांब जायची गरज नाही, आपला मुलूख त्यांनी भरलेला आहे. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेलं, पाणी खारं, आणि काठावरची धार मात्र गोड्या पाण्याची. लोक सांगतात, इथे विष्णूने लवणासुराला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ त्याचीच साक्ष म्हणून दाखवतात. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी कारण खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये शोधलं, पण कादंबरीकाराने एवढंच विचारावं की गोडी धार पिढ्यान् पिढ्या खाऱ्यात पडते, तर त्या दोघांमध्ये करार काय झाला असेल? ताडोब्याचं नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू, गावचा प्रमुख, वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. मला त्यात देवापेक्षा घरी वाट पाहणारं माणूस जास्त दिसतं. माणूस देव झाला की त्याच्या बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहील.

गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाल तेव्हा "गोष्ट सांगा" म्हणू नका. त्यांना रामायणच आठवतं. त्यापेक्षा विचारा, "बुवा, त्या नाल्याकडून रात्री काहून नाही जात कोणी?" मग बघा काय काय निघतं ते.

बोलीची शंका तर मनातून काढूनच टाका. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झालं, आणि त्यातली मराठी बोलती आहे. मग तुमच्या चेटकिणीने "हे वीरा, तुजला काय अभिलाषा आहे?" असं कशाला म्हणावं? "तुले का पायजे?" म्हणू द्या. रात्री विहिरीतून हे तीन शब्द आले तर जास्त भीती वाटते, कारण तो आवाज ओळखीचा असतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, ही वाटणी पहिल्या कादंबरीला सोपी जाते.

आता महिन्याभरात कादंबरी लिहायच्या आव्हानाबद्दल, म्हणजे नॅनोरायमोबद्दल (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ). हा प्रकार ख्रिस बॅटी या अमेरिकन माणसाने जुलै १९९९ मध्ये २१ जणांना घेऊन सुरू केला. पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात गेला. चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवलं, पण महिना कोणाच्या मालकीचा नाही, लिहिणारे लिहितातच. यात महिन्याचं लक्ष्य ५०,००० शब्दांचं, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७. हा आकडा इंग्रजीच्या हिशोबाने आलेला आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. मी तर म्हणेन ४०,००० धरा. तेही रोज नको. नोव्हेंबरात कापसाची वेचणी असते, हरभरा पेरायचा असतो, तुळशीचं लग्न लागलं की लोकांच्या लग्नांच्या वऱ्हाडात जायचं असतं. वीस रात्री, रात्रीला २,००० शब्द, असा हिशोब आपल्या घरात बसतो.

जागलीला जात असाल तर तीच वेळ घ्या. रोही (नीलगाय) आणि डुकरं हाकलायला जागंच राहायचं असतं. मचाणावर मोबाईलमध्ये टाईप करा, किंवा बोलून लिहा. बोलून लिहिताना मोबाईल वऱ्हाडी शब्द बरेचदा भलतेच उमटवतो, ते तसेच राहू द्या, डिसेंबरात दुरुस्त होतील. रेंज नसेल म्हणून फाईल ऑफलाईन उघडेल याची आधीच खात्री करून घ्या आणि घरी आलात की तिची एक प्रत स्वतःलाच पाठवून ठेवा. मागचं वाचत बसू नका. मध्येच नियम बदलावासा वाटला तर तिथे एक ओळ टाका, "इथून विहीर नाव नाही, चेहरा पुसते", आणि पहिल्यापासून तसंच होतं असं समजून पुढे चला.

महिन्याच्या मध्यावर गोष्ट अडेल. सगळ्यांचीच अडते. तेव्हा हात वहीतल्या एखाद्या नव्या राज्याकडे जाईल. तो आवरा, आणि ज्याने अजून काहीच किंमत मोजलेली नाही अशा माणसाला विहिरीवर पाठवा. वरच्या गोष्टीत मी त्या लेकीला पाठवलं असतं, कारण आई आपल्याला नावाने हाक मारायची कधी थांबली, हे तिच्या तोवर लक्षात आलेलं असेल.