जुनी पेठ जिवंत करायची तर आधी जिना बघा

तुमचा प्रश्न असा आहे : 'आमच्या मध्यम आकाराच्या शहरातली जुनी बाजारपेठ मरगळली आहे. महापालिकेने रहिवाशांकडून सूचना मागवल्यात. काय सुचवावं?' शहराचं नाव दिलेलं नाहीत, त्यामुळे मी माझ्या गावावरून सांगतो. गाव कोल्हापूर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांना जरासं कमी. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आमचं बटणं, लेस, अस्तराचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दुकानाच्या वरच आम्ही राहायचो. आता राहत नाही. हे 'आता राहत नाही' का झालं, तेच माझं उत्तर आहे. पण तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल.

सूचनांच्या अशा बैठकांना मी तीन-चारदा जाऊन बसलोय. बैठक कसलीही असो, पहिला माणूस उठतो आणि म्हणतो, "पार्किंगचं काय?" पुढचा तास त्यातच जातो. कुणाला बहुमजली पार्किंग हवं असतं, कुणाला लक्ष्मीपुरीतला घाऊक धान्यबाजार गावाबाहेर हलवायचा असतो म्हणजे ट्रक आत येणार नाहीत. म्हणणं चूक नाही. पण गल्ल्यावर बसून मी जे बघतो ते वेगळं आहे. माझं गिऱ्हाईक म्हणजे राधानगरी, गगनबावड्याकडून एसटीने येणाऱ्या बायका आणि गावातले शिंपी. त्या स्टँडवर उतरतात, वडापने (म्हणजे शेअर रिक्षा-जीपने) किंवा चालत येतात, आठ दुकानं फिरतात आणि दोन पिशव्या भरून जातात. मोटारीतून येणारा भाविक अंबाबाईचं दर्शन घेतो, पेढे घेतो, जमलं तर चप्पल घेतो आणि गाडी अडकायच्या आत निघतो. अस्तर घेत नाही. तेव्हा मोटारीला जागा केली की बाजार उठेल, हे गणित निदान माझ्या गल्ल्यात तरी जुळत नाही. त्या बायकांना काय हवं असतं विचाराल तर एकच : स्वच्छ मुतारी. दुपारी दोननंतर त्या घाईला येतात ती बस चुकेल म्हणून नव्हे. बैठकीत हे कुणी बोलत नाही, कारण बैठकीला सगळे पुरुष असतात.

वाहनं बंद ठेवून बघायला व्यापारी घाबरतात. मीही घाबरायचो. पण दर नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतातच, गाड्या दसरा चौकात वगैरे लावाव्या लागतात आणि त्या नऊ दिवसांत धंदा बुडाला असं कुठल्या दुकानदाराने म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर चालणाऱ्यांना मोकळा ठेवतात. दिल्लीच्या चांदनी चौकात तर नियमच आहे, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनं बंद, माल रात्री उतरवायचा. तुम्ही थेट दिल्लीवर उडी मारू नका. एक रस्ता, आठवड्यातली एक संध्याकाळ, वर्षभर न चुकता. चुकली की लोक पुन्हा गाडी घेऊन येतात.

हे झालं गर्दीबद्दल. पण कोल्हापूरच्या जुन्या गावात गर्दी कमी नाहीच मुळी. शनिवार-रविवारी भवानी मंडपात पाय ठेवायला जागा नसते. तरी रात्री साडेनऊला शटर खाली ओढलं की आमचा बोळ असा होतो की स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो. मी लहान असताना याच वेळी बोळात कॅरम चालायचा, वरून कुणीतरी पोराला हाका मारायचं आणि पापाच्या तिकटीच्या चौकापर्यंत उजेड असायचा. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. आज एक आहे, शेजारच्या काकूंचं. बाकी खोल्यांत पेढ्यांचे खोके, पर्सा आणि चपला. गोडाऊन.

ही बिऱ्हाडं गेली कुठं? सगळे सांगतात वाहतुकीला कंटाळून गेली. आम्ही गेलो ते जिन्यामुळे.

जुन्या वाड्याचा जिना तुम्ही चढला असाल तर पुढचं सांगायला नको. भिंतीत कोंबलेला, शिडीसारखा उभा, एका पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही. वरून एक जाड दोरी सोडलेली, तिला धरून चढायचं. आमची दोरी इतकी वापरलेली की मधला भाग तेल लावल्यासारखा काळा आणि गुळगुळीत. वर कडीपाटाची जमीन, खाली परड्यात, म्हणजे मागच्या अंगणात, संडास. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री दोनदा उठून खाली परड्यात जाणं संपलं. वर संडास बांधायचा ठरवला. त्यासाठी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची संमती लागणार होती. उताऱ्यावर नऊ नावं. त्यातली दोन माणसं वारलेली, एक चुलत भाऊ बेळगावात, आणि एका आत्याचा विचार असा की सही केली तर आपला हिस्सा गेला. वर्षभर फिरलो. शेवटी कळंब्याकडे लिफ्ट असलेला फ्लॅट भाड्याने घेतला. बाबा पुढे दोन वर्षं दुकानात येऊन बसायचे, वर मात्र परत कधी गेले नाहीत.

आमचा निदान मालकीचा भाग होता. काकू भाडेकरू आहेत, दरमहा साठ रुपये. मालकाने त्या साठ रुपयांत कौलं चाळावीत अशी अपेक्षा कशी करणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ म्हणतो की दुरुस्ती मालकाने करायची. त्याने केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. काकूंचा हिशेब करून बघा. वर्षाचं भाडं ७२० रुपये, चतुर्थांश १८०. एवढ्यात गवंडी चहा पिऊन जाईल. मालक लबाड नाही आणि काकूही अडून बसलेल्या नाहीत. दोघंही एकाच गळक्या छताकडे बघत बसलेत. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारत म्हणून नोटीस येते, ती खाली कर म्हणते, पुढे काय ते म्हणत नाही.

मुंबईत जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ते मुंबई शहराच्या बेटापुरतंच. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, कुठेही तसं काही नाही. म्हणून माझी पहिली सूचना पार्किंगची नसते. मी म्हणतो, महापालिकेने जुन्या गावठाणासाठी एक लहानसा दुरुस्ती निधी काढावा आणि तो तीनच कामांना द्यावा : जिना, वरच्या मजल्यावर संडास आणि छप्पर. ज्या वाड्यात वर माणसं राहतात त्याचा घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, कमी करावा, जिथे गोडाऊन आहे तिथे पुरेपूर घ्यावा. आजचा हिशेब उलटा आहे. गोडाऊनवाला बिऱ्हाडापेक्षा जास्त देतो, अकरा महिन्यांचा करार करतो, पाणी मागत नाही, संडास मागत नाही. मालकाने बिऱ्हाड ठेवावं तरी कशासाठी? आणि वाडा पडून तिथे कॉम्प्लेक्स झालं तर वर पुन्हा गाळेच निघतात, त्यातले पहिल्या मजल्यावरचे कित्येक वर्षानुवर्षं कुलपात.

काकूंना मी विचारलं होतं, मुलगा फ्लॅटवर बोलावतोय तर का जात नाही. म्हणाल्या, "तिथं सगळी दारं लावून बसत्यात रे. हितं खिडकीत बसलं की चार माणसं हाक मारून जात्यात." आणि खरं सांगायचं तर रात्री आमच्या दुकानावर लक्ष त्यांचंच असतं. कॅमेरा नंतर आला.

माणसं राहिली तर शाळा राहते, शाळा राहिली तर माणसं राहतात. भवानी मंडपाला लागून मेन राजाराम हायस्कूल आहे. ती इमारत यात्रेकरूंच्या सोयीसाठी घ्यायचा विचार पुढे आला तेव्हा माजी विद्यार्थी आणि पेठेतली माणसं रस्त्यावर उतरली. टोलविरोधी आंदोलन केलेलं गाव आहे हे, उतरायला वेळ लागत नाही. आता अंबाबाई मंदिर परिसराचा चौदाशे कोटींच्या वरचा आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजूर केलाय. मंदिराभोवतीच्या मिळकतींचं भूसंपादन हा त्यातला मोठा भाग. दर्शनरांग, वाहनतळ, सगळं हवंच आहे. माझी धास्ती एवढीच की येणाऱ्यासाठी जागा करताना राहणाऱ्याची जागा जाईल, आणि रात्री साडेनऊचा बोळ सगळ्या गावात पसरेल.

संध्याकाळबद्दल एक सांगतो. खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, ही शाहू महाराजांची देणगी. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोममधलं आखाड्याचं मैदान पाहिलं आणि इथे कुस्तीचं मैदान बांधायचं मनात घेतलं. नाट्यगृह १९१५ ला पूर्ण झालं. एका शतकापूर्वी एका राजाला कळलं होतं की बाजाराला लागून कुस्ती आणि नाटक हवं. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. मी त्या रात्री तिथे गेलो होतो. मिशा पांढऱ्या झालेले लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. भावना सोडा, धंद्याचं बोलतो : नाटक सुटलं की माणसं भेळ खायला खासबागेच्या गाड्यांवर थांबायची, मिरजकर तिकटीपर्यंत रेंगाळायची. तो साडेबाराचा उजेड त्या रात्रीपासून गेला. पुन्हा उभारणीचं काम निघालंय. तुमच्या गावात असं एखादं नाट्यगृह, वाचनालय, तालीम शिल्लक असेल तर सुशोभीकरणाचा पैसा आधी तिथे घाला.

फेरीवाल्यांबद्दल बैठकीत दुकानदार तावातावाने बोलतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, शहर पथविक्रेता समिती असते, सर्वेक्षण करून जागा ठरवून द्यायच्या असतात. आमच्याकडे पट्टे मारले जातात, पुसले जातात, परत मारले जातात. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. रस्त्यावरच्या कितीतरी फेरीवाल्यांच्या मागे दुकानदारच असतो. आमच्या आजोबांनी दुकानाची पायरी एका बांगडीवाल्याला दिली होती आणि त्याचे रोज पैसे घ्यायचे. मी ते बंद केलं, पण मोठेपणा सांगत नाही. तो बांगडीवालाच म्हातारा होऊन गावी गेला. सूचना लिहिताना आपल्या पायरीचं भाडं कोण घेतो हे आधी लिहायला लावा, मग अतिक्रमणावर बोलू द्या.

आणि तो 'हेरिटेज लूक'. काळे कोरीव दिव्याचे खांब, फुटपाथला फरशी, सगळ्या दुकानांना एकाच रंगाचे फलक. माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यात शेवटी आणि पैसे उरले तर. वारसा कशाला म्हणतात ते बघायचं तर कोल्हापुरात किरणोत्सवाला या. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, पुढच्या दिवसांत वर चढत चेहऱ्यापर्यंत. कधी पोचतात, कधी ढगाने अडतात आणि कधी महाद्वार रोडच्या रेषेतल्या एखाद्या वाढीव मजल्याने, टाकीने, फलकाने. त्या संध्याकाळी अख्खं गाव श्वास रोखून एका उन्हाच्या पट्ट्याकडे बघत असतं आणि मग चर्चा सुरू होते, अमक्याची टाकी आडवी आली म्हणून. इमारतीची उंची किती असावी हा नियम इतक्या माणसांना तोंडपाठ असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. तुमच्या पेठेतही अशी एखादी गोष्ट असेल, जिच्यासाठी माणूस स्वतःची टाकी हलवायला तयार होईल. ती शोधा. दिव्याचे खांब कॅटलॉगमधून कधीही मागवता येतात.

शेवटचं, व्यवहाराचं. आमच्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासक होते. सूचना द्यायला नगरसेवकच नव्हता. त्या काळात कामं हलली ती तालमींमुळे. पेठेतली तालीम म्हणजे आमच्याकडे फुटबॉलचा संघ, गणपतीचं मंडळ आणि भांडण मिटवायची जागा, सगळं एकच. तेव्हा तुमची बैठक महापालिकेच्या सभागृहात सकाळी ११ ला ठेवू नका. त्या वेळी दुकानदार दुकानात असतो, भाडेकरू कामावर आणि बाया स्वयंपाकात. येतात ते फक्त निवृत्त लोक आणि बिल्डर. रात्री नऊला ठेवा, पेठेतच, आणि खुर्च्या मांडायच्या आधी बोळातून एक चक्कर मारा. किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजून कागदाच्या वर लिहा आणि त्या घरांचे दरवाजे वाजवून त्यांना घेऊन या. आमच्या बोळात असं करायला गेलो तेव्हा एकच दार वाजवावं लागलं. काकू म्हणाल्या, "येते, पण जिना उतरायला हात दे."