मंत्रिस्तरीय बैठक शिखर परिषदेच्या किती आधी घ्यावी?

तुमचा पेच थोडक्यात असा: प्रदेशातल्या मंत्र्यांची बैठक जागतिक शिखर परिषदेच्या चार महिने आधी घ्यावी असं सचिवालय म्हणतंय, आणि यजमान मंत्र्यांना ती तीन आठवडे आधी हवी आहे, म्हणजे तिचा गाजावाजा होईल. अशा बैठकांच्या मसुद्यांवर मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून स्पष्टच सांगतो. तीन आठवडे आधी घेतलीत तर ते वरातीमागून घोडं ठरेल.

पण चार महिन्यांचा आकडाही डोळे झाकून धरू नका. दिवस परिषदेपासून मागे मोजण्यापेक्षा तिच्या मसुद्याकडे बघा. पहिला मसुदा कधी फिरणार, वाटाघाटीच्या फेऱ्या कधी आणि मजकूर कधी बंद होणार, एवढं आधी विचारून घ्या. आपत्ती जोखीम कमी करण्याविषयीची जागतिक परिषद जपानमधल्या सेंदाईला मार्च 2015 मध्ये झाली. आशियाई मंत्र्यांची परिषद मात्र जून 2014 मध्येच बँकॉकला होऊन गेली होती. नऊ महिने आधी, म्हणजे फारच लवकर वाटेल. पण जिनिव्हातल्या तयारी समितीची पहिली बैठक जुलै 2014 मध्ये होती आणि शून्य मसुदा, म्हणजे वाटाघाटीसाठीचा अगदी पहिला मसुदा, त्यानंतर आला. पान कोरं असताना आशियाचं म्हणणं टेबलावर होतं. पुढे नोव्हेंबर 2016 मध्ये हेच मंत्री नवी दिल्लीत भेटले आणि त्यांनी सेंदाईला ठरलेल्या आराखड्याच्या अंमलबजावणीची आशियाई योजना स्वीकारली. परिषदेनंतरच्या या बैठकीची तजवीज बहुतेक जण विसरतात.

तारीख जमली तरी एक गोष्ट आड येते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तुमच्या बैठकीला येणार पर्यावरण किंवा जलसंपदा खात्याचे मंत्री आणि न्यूयॉर्क-जिनिव्हात मसुद्यावर भांडणार परराष्ट्र खात्याचे अधिकारी. या दोघांची आपसात गाठ पडलेली असेलच असं नाही. मग मंत्र्यांनी संमत केलेलं वाक्य त्यांच्याच देशाचा प्रतिनिधी महिन्याभरात खोडून टाकतो, आणि त्याला ते वाक्य कुठून आलं हेही माहीत नसतं. म्हणून निमंत्रणातच लिहा की शिष्टमंडळात वाटाघाटी करणारा अधिकारी असावा. शिवाय बैठकीचा दस्तऐवज परिषदेच्या सहअध्यक्षांकडे कोण, कोणत्या तारखेपर्यंत पोचवणार, हे दस्तऐवजातच नमूद करा. ‘योग्य त्या मंचावर मांडण्यात येईल’ असं लिहिलंत तर तो कागद कुठेच जात नाही.

आता मसुदा. आधीचे दोन-तीन दिवस अधिकाऱ्यांचे आणि शेवटचा मंत्र्यांचा, ही नेहमीची रचना ठीक आहे. पण अधिकाऱ्यांनी चाळीस चौकटी कंस, म्हणजे अजून एकमत न झालेले शब्द, तसेच ठेवून मजकूर वर पाठवला, तर मंत्री काही सोडवत बसत नाहीत. समजा वाक्य असं आहे: ‘विकसित देशांनी [पुरेसा] [नवीन व अतिरिक्त] निधी [द्यावा] [देण्याचा विचार करावा].’ यातला क्रियापदाचा कंस अधिकाऱ्यांनीच सोडवायचा असतो. निधी नवीन की जुनाच, हा राजकीय प्रश्न आहे, तो मंत्र्यांकडे जाऊ द्या, पण सोबत दोन पर्याय पूर्ण वाक्यात लिहून. असे दोन-तीन प्रश्न पुरे.

एखादा परिच्छेद अडलाच तर त्यापायी बाकीचा मजकूर बुडवू नका. 2023 मध्ये जी-20 च्या अर्थमंत्र्यांची बंगळुरूला आणि परराष्ट्र मंत्र्यांची दिल्लीला बैठक झाली, तेव्हा युक्रेनवरच्या परिच्छेदांना रशिया आणि चीनची सहमती नव्हती. यजमानांनी संयुक्त निवेदनाचा हट्ट न धरता ‘अध्यक्षांचा सारांश आणि निष्पत्ती दस्तऐवज’ काढला. बाकीच्या विषयांवरची सहमती शाबूत राहिली आणि अडलेलं वाक्य शेर्पांकडे, म्हणजे नेत्यांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींकडे, गेलं. सप्टेंबरमध्ये दिल्ली जाहीरनामा एकमताने झाला, तोही पहिल्याच दिवशी.

उलट्या दिशेचं उदाहरण सार्कचं. 2014 च्या काठमांडू परिषदेत मोटार वाहन करार (एकमेकांच्या देशांत वाहनं नेण्याविषयीचा) पाकिस्तानच्या तयारीअभावी राहिला. नेत्यांनी तो खाली ढकलला: वाहतूक मंत्र्यांनी तीन महिन्यांत भेटून मसुदा पक्का करावा. सार्कमध्ये निर्णय एकमतानेच होतात, त्यामुळे मुदत घालूनही काही हललं नाही. अखेर बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांच्याच वाहतूक मंत्र्यांनी जून 2015 मध्ये थिंफूला वेगळा करार केला. वर जे अडलं ते खाली पाठवल्याने सुटतंच असं नाही, निदान जिथे एका देशाचा नकार पुरतो तिथे तरी.

यजमान मंत्र्यांचं काय करायचं, तर त्यांना नाराज करू नका. मुख्य बैठक मसुदा उघडा असतानाच घ्या. परिषदेच्या वेळी प्रदेशातले सगळे मंत्री तिथे असणारच, तेव्हा यजमान मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली तासाभराची समन्वय बैठक ठेवा. संयुक्त निवेदन वाचायला आणि छायाचित्राला ती पुरेशी आहे. खोली मात्र आत्ताच मागून ठेवा, परिषद भवनात त्या शेवटी मिळत नाहीत.