माय हिरो अकॅडेमिया या जपानी ॲनिमेच्या चौथ्या सीझनचा पहिला भाग फिलर आहे म्हणतात. सोडून दिला तर चालेल का?

सोडलात तर गोष्टीत काहीही अडणार नाही. तुम्ही लिहिलंय की तिसरा सीझन संपवलाय, पुढचा ६४वा भाग मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, नाहीच, नुसता भरीचा म्हणजे फिलर आहे, म्हणून मित्र म्हणतोय थेट ६५ लाव. मित्राचं खरं आहे. ६३ नंतर ६५ लावलात तर मध्ये काही होतं हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तरी माझं उत्तर ‘बघा’ असं आहे. एरवी फिलर दिसला की मी पुढे ढकलतो, त्यामुळे याच भागासाठी का भांडतोय हे जरा सविस्तर सांगावं लागेल. तिसऱ्या सीझनपर्यंतचं सगळं खाली येईल, ते तुम्ही पाहिलेलंच आहे. ६४व्या भागात काय होतं तेही येईल. तो कोरा बघायचा असेल तर इथेच थांबा आणि बघून मग या.

आपल्याकडच्या मालिकेत पाणी घालतात ते टीआरपीसाठी. लग्न ठरलं की महिनाभर हळदच लागत राहते. जपानी फिलरचं कारण बहुतेक वेळा साधं आणि नाइलाजाचं असतं. साप्ताहिकात मांगाचं एक प्रकरण येतं वीसेक पानांचं, आणि ॲनिमेचा एक भाग तशी दोनेक प्रकरणं सहज खाऊन टाकतो. दर आठवड्याला अखंड भाग येत राहिले की ॲनिमे मांगाच्या मानगुटीवर बसतो, आणि मग लेखकाला पुढे जायला वेळ मिळावा म्हणून घरची गोष्ट रचावी लागते. पहिला नारुतो बघितला असेल तर तुम्ही हे भोगलंय: २२० भाग, आणि १३६ पासून जवळजवळ शेवटपर्यंत बहुतेक फिलरच.

माय हिरोला ती अडचण नव्हती. बोन्स स्टुडिओनं २०१६च्या एप्रिलपासून ही मालिका सीझन पाडून केली, मध्ये मोठ्या सुट्ट्या घेऊन. त्यामुळे पहिल्या सहा सीझनच्या १३८ भागांत फिलर म्हणावेत असे भाग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील: ३९, ५८, ६४, ८९ आणि १०४. जुन्या प्रसंगांची उजळणी करणारे रिकॅप वेगळे धरा. हे भाग वेळ काढायला केलेलेच नाहीत. ३९, ६४ आणि ८९ हे सीझनचे पहिले भाग आहेत. मोठ्या सुट्टीनंतर येणाऱ्या प्रेक्षकाला हिरो घडवणाऱ्या शाळेच्या एका वर्गातली वीस पोरं आणि त्यांच्या शक्ती आठवून द्यायचं काम त्यांच्याकडे. ५८ आणि १०४ त्या-त्या उन्हाळ्यात येणाऱ्या चित्रपटाच्या जाहिरातीला जोडलेले, २०१८ आणि २०२१ साली.

यातल्या १०४ वर माझा राग आहे, तो इथेच काढून घेतो. पाचव्या सीझनमध्ये एंडेव्हर या मोठ्या हिरोकडचं प्रशिक्षण रंगात आलेलं असताना हा समुद्रावरचा भाग मध्येच घुसवलाय. त्याच सीझनच्या शेवटी खलनायकांची बाजू सांगणारी, मांगातली माझी सगळ्यात आवडती कथामालिका घाईघाईत उरकलीय. शिवाय मांगात ती एंडेव्हरच्या आधी येते, इथे क्रमही फिरवलाय. ज्या घरात जेवणाची पानं कमी पडतात तिथे एक पान पाहुण्यांच्या फोटोसाठी मांडून ठेवावं, तसं झालंय ते. तो भाग खुशाल सोडा.

आता मुद्द्यावर येतो. फिलर लिहिणाऱ्याला एक अट पाळावी लागते. भाग संपताना सगळी भांडी होती तिथे घासूनपुसून परत ठेवायची. कुणी मरायचं नाही, कुणी जिंकायचं नाही, कुणाला नवं काही कळायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात मूळ गोष्ट जिथे थांबली तिथूनच सुरू होणार. बहुतेक फिलर फिके लागतात ते या अटीमुळे. आपल्याला आतून ठाऊक असतं की याचा काही उपयोग नाही.

तुम्ही पाहिलेला ३९वा आठवा, स्विमिंग पूलचा. कामिनारी आणि मिनेता मुलींना स्विमसूटमध्ये बघायच्या लालसेनं गोष्टीचा नायक देकू याला सराव म्हणून गळाला लावतात. तिथे सगळेच येऊन धडकतात आणि शेवटी पन्नास मीटरची शर्यत लागते. अंतिम फेरीत देकू, बाकुगो आणि तोदोरोकी. तिघं उडी घेतात आणि हवेत असतानाच आयझावा सरांचे डोळे लाल होतात, तिघांच्या शक्ती बंद, तिघंही धबाधब पाण्यात. पाच वाजले, पूलची वेळ संपली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसता हसलो. नंतर लक्षात आलं की या शर्यतीचा निकाल लावायची लेखकाला परवानगीच नव्हती. या तिघांत सरस कोण हा मूळ गोष्टीचा ऐवज, त्याला फिलरनं हात कसा लावायचा? मग त्यानं घड्याळाचे पाच वाजवले. अट मोडली नाही आणि विनोदही साधला.

६४व्या भागात तीच अट आहे, पण तिथे लेखकानं तिचं जे केलंय ते मला ॲनिमेत क्वचित दिसलं.

कामिनोच्या लढाईनंतर सगळ्यात मोठा हिरो ऑल माइट निवृत्त झालाय, मुलं वसतिगृहात राहायला आलीत. कॅमेऱ्याकडे बोट रोखून ऑल माइट म्हणाला होता, पुढची पाळी तुझी. लोकांना तो लपलेल्या गुन्हेगारांना दिलेला इशारा वाटला आणि गर्दीत उभ्या देकूला रडू फुटलं, ते तुम्हाला आठवत असेल. आता या वसतिगृहात एक बातमीदार येतो, तानेओ तोकुदा. मुलांच्या रोजच्या जगण्यावर लेख करायचाय म्हणून. त्याची क्विर्क, म्हणजे शक्ती, अशी की त्याच्या अंगावर कुठेही कॅमेऱ्याची लेन्स उगवू शकते. खरं काम वेगळंच असतं: ऑल माइटनं आपला वारस निवडलाय आणि तो याच वर्गात आहे असा त्याला वास लागलाय. तो कोण ते त्याला हवंय.

अर्धा भाग ओळखपरेडच आहे, खोटं कशाला बोलू. प्रत्येक पोराला एकेक मिनिट, नाव, शक्ती, एक विनोद. जुन्या प्रसंगांचे तुकडेही भरपूर. नुकताच तिसरा सीझन संपवलेल्या माणसाला तिथे जांभया येतील. पण ते सगळं परक्या माणसाच्या नजरेतून चाललंय हे धरून बघा. आतापर्यंत आपण या वर्गाकडे कायम देकूच्या खांद्यावरून बघत आलो. तो माणूस मात्र देकूलाही इतर एकोणीस पोरांसारखाच बघतोय. एका छताखाली राहणाऱ्या वर्गात बाकुगोखेरीज कुणालाही देकू हाच तो वारस हे गुपित माहीत नाही, आणि हा उपरा एका दिवसात तिथवर पोचतो. कारण ऑल माइटचे वर्षानुवर्षांचे फोटो त्यानं बघितलेत. त्या माणसाला काहीतरी झालंय हे त्याला त्या फोटोंवरून आधीच जाणवलेलं असतं. लोक ऑल माइटचं हसणं पाहून निर्धास्त होतात. ते हसू मनातली भीती दाबायला असतं, हे ऑल माइटनं स्वतः देकूला पहिल्याच भेटीत सांगितलंय. तोकुदाला ते कुणीच सांगितलेलं नाही.

मग तोकुदा देकूला एकटं गाठतो. एका छोट्या अपघातातून देकू त्यालाच वाचवतो, दोघांचं बोलणं होतं. तोकुदाच्या वडिलांना ऑल माइटनं एकदा वाचवलं होतं तेही कळतं. देकूला खोटं बोलता येत नाही, ते तुम्हाला माहीत आहेच. बातमीदाराच्या हातात आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आहे, आणि तो ती छापत नाही.

म्हणजे बघा, भांडी जागेवर परत ठेवायची हीच फिलरची अट, पण इथे ती ठेवतोय गोष्टीतलाच माणूस, विचार करून. घड्याळाचे पाच वाजवावे लागले नाहीत. ६५व्या भागात कुणालाच काही माहीत नसतं, कारण एकानं गप्प राहायचं ठरवलं.

माझी भाची मला म्हणाली होती, “मामा, हा तू आहेस.” २०१९ची दिवाळीची सुट्टी होती, भाग नुकताच आला होता. मी सांगलीत एका दैनिकासाठी फोटो काढायचो, नोकरी नाही, छापलेल्या फोटोमागे पैसे. ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेलेला, आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या बाहेरच्या खोलीत कमरेच्या वर पाण्याची रेघ अजून दिसायची, रंग द्यायचा राहिला होता. त्या रेघेला पाठ टेकून आम्ही लॅपटॉपवर हा भाग बघितला.

मला त्या क्षणी आठवला तो गावभागातला एक गडी. होड्यांच्या शर्यतीत उतरणारा, दंड असे की वल्हं काडीसारखं वाटावं. चार दिवस माणसं, म्हाताऱ्या, शेळ्या, एकदा तर देव्हाऱ्यासकट देव, सगळं काढत होता. सगळं शहर त्याला ओळखायला लागलं होतं. चौथ्या संध्याकाळी पाण्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर तो शटरकडे तोंड करून बसला होता. तळहातांची सालं निघालेली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, खांदे हलत होते. मी सवयीनं बटण दाबलं. आवाज आला तसा तो वळला, आणि वळता वळता त्याचं तोंड बदललं. हसला, अंगठा वर केला. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं.

दुसरा फोटो पाठवला, तो छापून आला, त्याचे पैसेही मिळाले. पहिला कुणाला दाखवला नाही. त्यात काही फार थोर केलं असं नाही, त्या संध्याकाळी नेट मिळायचीच मारामार होती आणि एकच फोटो जात होता. पण कुठला जाऊ द्यायचा हे मीच ठरवलं, हेही खरं. भाचीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तोकुदाच्या अंगावरच्या लेन्सबद्दल बोलत होती, कारण मी जेवतानासुद्धा कॅमेरा गळ्यातून काढत नाही.

त्यामुळे माझं मत या भागाबाबत तटस्थ नाही, ते धरून चाला. ५८ आणि ८९बद्दल विचारलं असतंत तर दोन ओळींत संपवलं असतं: ५८ चित्रपट बघायचा असेल तर बघा, ८९मध्ये सगळी पोरं मिळून बचावकार्याचा सराव करतात, भाजी चिरताना लावायला ठीक.

६४ बघताना पहिली दहा मिनिटं सोसा, फोन बाजूला ठेवा. संपला की लगेच ६५ लावा, त्याचं नावच ओव्हरहॉल आहे. तिथून पुढे बराच काळ या पोरांना पोहायला वगैरे वेळ मिळत नाही.