लहान मुलांचा ताप औषधाशिवाय घरी उतरवता येतो का?

ताई, तुमची मुलगी अडीच वर्षांची, कालपासून 101 ताप, आणि होता होईल तो औषध न देता घरगुती उपायांनी उतरवायचा, असं तुम्ही लिहिलंय. मी अमळनेरची, दोन मुलांची आई. डॉक्टर नाही, पण ताप पुष्कळ काढलेत.

थोरल्याच्या वेळी अंग जरा कोमट लागलं की मी सिरपची बाटली उघडायचे. आमच्या डॉक्टरांनी समजावलं, की जंतूंशी लढताना शरीर स्वतःहूनच तापमान वाढवतं. 100.4 च्या पुढे ताप धरायचा, पण 101 ला मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषधाची घाई नको. तेव्हापासून मी आकड्याआधी पोराकडे बघते.

आमच्या सासूबाई म्हणतात, "पोरले ताप उना, पंखा बंद कर!" खानदेशात मे महिन्यात पारा 44 ला टेकलेला असतो, तेव्हा खिडक्या लावून गोधडी घातली तर ताप वाढेल की उतरेल? मी सुती झबलं घालते, पंखा मंद ठेवते. मात्र ताप चढताना हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, तेवढ्यापुरती चादर घालते. थंडी गेली की काढते. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्या मी ठेवत नाही. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि आतली उष्णता आतच राहते. पुसायचंच तर कोमट पाण्याने, तेही त्याला बरं वाटत असेल तरच. उन्हात खेळून आलेलं मूल तापलं आणि बरळायला किंवा गळून जायला लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे भरभर अंग गार करत दवाखाना गाठायचा.

खाण्यापिण्याचं मात्र सासूबाईंचंच ऐकते. भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, ताक, थोडं केळं. जेवणाचा आग्रह नाही, पाण्याचा आहे. दर थोड्या वेळाने दोन-दोन चमचे. शेवटची शू कधी झाली हे कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवते, तापाच्या आकड्याशेजारीच. सहा-सात तास शू नाही, ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, म्हणजे घरगुती उपाय संपले. तुळशीचा काढा मी मोठ्या मुलाला देते, तान्ह्याला नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. दृष्ट काढतात, ती काढू देते. मिरच्यांचा धूर तेवढा पोरापासून लांब.

आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी धाकटीला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी उतरला. आम्ही सगळे हुश्श झालो. पण ती उठेना, पोट दुखतं म्हणे, दोनदा उलटी झाली, तळवे गार. मला वाटलं अशक्तपणा असेल. तिच्या बाबांनी हट्टाने दवाखान्यात नेलं, तर डेंग्यू निघाला, आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होतो हे तिथे कळलं. पाच दिवस सलाईन. ती सकाळ मी घरीच काढली असती तर, हा विचार अजून येतो.

म्हणून, ताई, औषधालाही शत्रू मानू नका. मूल कण्हत असेल, झोपेना, पाणी नको म्हणत असेल तर मी पॅरासिटामॉल देते. डोस वयावर नाही, वजनावर: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात, म्हणून किती मिलि. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना कधीच नको, आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर तासभरही थांबू नका. मोठ्या मुलाला धाप लागली, मान ताठ झाली, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, नीट जागं होईना, तर तसंच. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखान्यात न्या. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर दाखवाच.

तुमच्या मुलीचा आज दुसरा दिवस. ती पाणी पितेय ना, शू कधी झाली? उद्याही ताप राहिला तर डॉक्टरांना दाखवा, आणि उतरला तरी पुढचे दोन दिवस तिच्यावर नजर ठेवा.