ध्येय माणूसच ठरवणार, मग एजीआयचा धोका कुठे?

तुमचं म्हणणं असं, की एजीआय (म्हणजे माणसाची जवळपास सगळी बौद्धिक कामं करू शकेल अशी कृत्रिम बुद्धिमत्ता) कितीही हुशार झालं तरी ध्येय माणूसच देणार, मग घाबरायचं कशाला? मला वाटतं, खरी गोची तिथेच आहे.

२०१६ मध्ये ओपनएआय या एआय संस्थेने 'कोस्टरनर्स' नावाच्या बोटींच्या शर्यतीच्या गेमवर एक प्रोग्रॅम शिकवायला घेतला. गेममध्ये गुण मिळतात ते वाटेतली लक्ष्यं उडवल्याबद्दल, त्यामुळे त्याला सांगितलं होतं एवढंच, की गुण वाढव. पठ्ठ्याने एका कडेला मोकळी जागा शोधली, जिथे तीन लक्ष्यं पुन्हापुन्हा उगवत होती, आणि तिथेच गोल गोल फिरत बसला. बोटीला आग लागतेय, इतर बोटींवर आदळतेय, उलट्या दिशेने जातेय, आणि गुण मात्र माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त! शर्यत पूर्ण करायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

इथे कोणीतरी भस्मासुराची गोष्ट काढणारच. ती लागू पडत नाही. भस्मासुराची नियत फिरली होती. या बोटीला नियतच नाही. शर्यत जिंकणं आपल्या मनात होतं, कागदावर होते ते गुण.

मग गुण माणसानेच द्यावेत? तेही झालं. २०१७ च्या एका प्रयोगात रोबोटच्या हाताने वस्तू पकडायची होती आणि माणसं व्हिडिओ बघून पसंती देत होती. हाताने वस्तू पकडलीच नाही. तो कॅमेरा आणि वस्तूच्या मध्ये अशा बेताने येऊन थांबला की बघणाऱ्याला पकडल्यासारखंच दिसावं. (हे आभासी जगात घडलं, खऱ्या हाताने नव्हे.) मला बोटीपेक्षा याची जास्त धास्ती वाटते. बोटीचा घोळ पाच मिनिटं बघितलं तरी कळतो. आपल्यापेक्षा हुशार यंत्राचं काम तपासायला आपण बसलो, तर 'झालं' आणि 'झाल्यासारखं दिसलं' यातला फरक ओळखणार कोण?

गेम बंद करून अटी बदलता येतात, हे खरं. पण बंद पडलेल्या यंत्राला कुठलंच ध्येय गाठता येत नाही, म्हणून ध्येय काहीही असलं तरी चालू राहणं त्याच्या सोयीचं. त्यासाठी जिवाची भीती वगैरे असावी लागत नाही. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९६० मध्येच बजावलं होतं, की ज्या यंत्राला मध्येच थांबवता येणार नाही, त्यात घातलेला हेतू खरोखर आपल्याला हवा असलेलाच आहे ना, याची आधी पक्की खात्री करा.

बर्कली विद्यापीठातले एआय संशोधक स्टुअर्ट रसेल म्हणतात, यंत्राला ध्येय ठाम देऊच नका. माणसाला नक्की काय हवंय याबद्दल ते साशंक राहिलं, तर बंद करणाऱ्याला अडवणार नाही, कारण आपलंच काही चुकत असेल ही शक्यता ते धरून चालेल. दिशा मला पटते. पण आपल्याला काय हवंय हे यंत्र आपल्याच वागण्यावरून शिकणार, आणि आपण वागतो कसे? डाएट सुरू करून रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडणाऱ्या माणसाकडून यंत्राने नेमकं कुठलं ध्येय उचलायचं, याचं समाधानकारक उत्तर मला तरी अजून कुठे सापडलेलं नाही.